दुय्यम साठवणीची साधने: कोणते कशासाठी, आणि किती वर्षांसाठी?

सूरसागरकाठ

नमस्कार. गणेश विसर्जन आटोपल्यावर मंडळाच्या कार्यालयाची साफसफाई हाती घेतली आणि त्यातून हा धागा काढण्याची वेळ आली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत दोन दिवस कमरेइतके पाणी उभे होते. लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण बुडाले आणि मंडळाचे संगणकीय दप्तर बरेचसे त्याच खणांत होते. जड वस्तू खाली ठेवाव्यात हा आमच्या जुन्या चिटणीसांचा शिरस्ता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

दप्तरात काय आहे ते सांगतो. सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्या, साडेतीन इंची फ्लॉप्यांचे दोन डबे, नाट्यप्रयोग आणि व्याख्यानमालांच्या सुमारे दीडशे सीडी व डीव्हीडी, निरनिराळ्या कार्यकर्त्यांनी निरनिराळ्या वर्षी आणून दिलेले सात पेन ड्राइव्ह आणि दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क. फ्लॉप्या वरच्या खणात असल्याने कोरड्या राहिल्या. सीडींची अर्धी थप्पी आणि दोन्ही हार्ड डिस्क मात्र पाण्याखाली होत्या.

कार्यकारिणीत असा ठराव आला आहे की एक मोठी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर मजकूर ठेवणारी डिस्क घ्यावी, जे वाचले आहे ते सगळे तिच्यात भरावे आणि ती वरच्या खणात ठेवून कपाटाला कुलूप लावावे. हा ठराव मला पटत नाही, पण का पटत नाही ते चारचौघांत मांडता येत नाही. इथे जाणकार मंडळी आहेत. या सगळ्या साधनांत मुळात फरक काय, आणि कोणत्यावर किती विसंबावे, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

खडूफळा

निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे संगणक शिकवला असल्याने व्याख्येपासून सुरुवात केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

प्रोसेसर ज्या स्मृतीतून थेट सूचना आणि आकडे उचलतो ती प्राथमिक स्मृती, म्हणजे व्यवहारात रॅम. ती अतिशय चपळ असते, पण वीज गेली की कोरी होते. वीज नसतानाही जे टिकते आणि प्रोसेसर ज्याला थेट हात लावू शकत नाही, म्हणजे ज्यातला मजकूर आधी रॅममध्ये आणावा लागतो, ती दुय्यम साठवण. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचे उदाहरण मी वर्गात नेहमी देत असे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली सुरू झालेल्या त्या ग्रंथालयात वाचनाचे टेबल आहे आणि काचेच्या तक्तपोशीची मजल्यावर मजला अशी ग्रंथांची कोठारे आहेत. टेबलावर चार पुस्तके मावतात आणि संध्याकाळी ती उचलली जातात. कोठारातले पुस्तक आणायला वेळ लागतो, पण ते तिथेच राहते. टेबलाला रॅम म्हणा आणि कोठाराला हार्ड डिस्क.

‘दुय्यम’ हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्यातून कमी प्रतीचे असा अर्थ ध्वनित होतो, आणि आपले आयुष्यभराचे काम तर नेमके या दुय्यम जागेतच असते. काही पाठ्यपुस्तकांनी ‘साहाय्यक स्मृती’ असा शब्द वापरला आहे, तो बरा.

या साधनांची विभागणी आकारावरून किंवा किमतीवरून करण्यापेक्षा खूण कशाची उमटते यावरून केली, तर पुढचे सगळे आपोआप उलगडते. चुंबकत्वाची खूण असेल तर हार्ड डिस्क, फ्लॉपी आणि टेप. प्रकाशाने वाचायची खूण असेल तर सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे. कोंडलेल्या विद्युतभाराची खूण असेल तर पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि एसएसडी. ज्या प्रकारची खूण, त्या प्रकारचा तिचा शत्रू. आपल्या अकरा फ्लॉप्या बुरशीला भितात, सीडी उन्हाला भितात आणि एसएसडी विस्मरणाला भिते. शेवटचे वाक्य थट्टेने लिहिलेले नाही. त्याचे स्पष्टीकरण कोणी दिले नाही तर मी देईन.

फतेहगंजकर

सर, माझी याच विषयाची परीक्षा जवळ आली आहे म्हणून विचारते. एका पुस्तकात मॅग्नेटिक टेप दुय्यम साठवणीत घातली आहे आणि दुसऱ्यात तिला तृतीयक म्हटले आहे. तसेच ‘क्लाउड’ हा दुय्यम साठवणीचा प्रकार म्हणून लिहिला तर गुण मिळतील का?

खडूफळा

दोन्ही पुस्तके आपापल्या जागी बरोबर आहेत. टेपचे काडतूस, म्हणजे पट्टी गुंडाळलेली डबी, ड्राइव्हमध्ये बसवलेलेच असेल तर ती दुय्यम साठवण झाली. शेकडो काडतुसे फळ्यांवर ठेवलेली आहेत आणि मागणी आली की यांत्रिक हात त्यातले एक उचलून ड्राइव्हमध्ये घालतो, अशा व्यवस्थेला तृतीयक म्हणतात. उत्तरपत्रिकेत मात्र तुमच्या अभ्यासक्रमाला लावलेल्या पुस्तकाप्रमाणे लिहावे.

क्लाउड हे साधन नाही, ती सेवा आहे. दूरच्या इमारतीत कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर, एसएसडीवर किंवा टेपवरच तुमची फाइल असते; फक्त ते कपाट तुमचे नसते आणि त्याचे भाडे भरावे लागते. प्रकार म्हणून लिहू नये, उपयोग म्हणून जरूर लिहावे.

चकतीवैद्य

सयाजीगंजात माझे डेटा रिकव्हरीचे छोटे दुकान आहे. पुरानंतरचे तीन आठवडे कसे गेले ते विचारू नका. रोज कोणीतरी पिशवीतून चिखल लागलेली डिस्क घेऊन येते. त्यामुळे सूरसागरकाठ यांना इतर चर्चेच्या आधी एकच विनंती करतो की त्या दोन हार्ड डिस्क संगणकाला जोडू नका, उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका आणि तांदळाच्या डब्यात तर अजिबात घालू नका.

कारण समजले तर सूचना लक्षात राहते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. हार्ड डिस्कच्या आत अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. नेहमीच्या डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. या वेगाने जी हवा ओढली जाते तिच्या गादीवर वाचणारे डोके चकतीला न टेकता तरंगते, आणि आजच्या डिस्कमध्ये हे अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. आता विचार करा की विश्वामित्रीचा गाळ चकतीवर वाळून बसला आहे आणि तुम्ही वीज दिली. पहिल्याच काही फेऱ्यांत डोके त्या गाळावर आपटते आणि चकतीवरचा थर खरवडून निघतो. जो भाग खरवडला गेला तिथला मजकूर कोणीही परत आणू शकत नाही.

पाणी आत शिरले कसे, असा प्रश्न काही ग्राहक विचारतात, कारण डिस्क बंद डबी आहे असा समज असतो. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी गाळणी लावलेले बारीक छिद्र असते आणि अनेकींच्या झाकणावर ‘हे छिद्र झाकू नये’ अशी सूचनाही छापलेली असते. दोन दिवस पाण्यात राहिली की तिथून पाणी शिरते. हेलियम वायू भरलेल्या डिस्क २०१३ पासून बाजारात आल्या. त्या मात्र खरोखरच बंद असतात, पण मंडळाच्या कपाटात त्या असण्याची शक्यता फार थोडी.

ओली डिस्क हवाबंद पिशवीत, आतला ओलावा तसाच ठेवून, लवकरात लवकर जाणकाराकडे पोहोचवावी. ओल्या गाळापेक्षा वाळलेला गाळ काढणे अवघड असते.

सूरसागरकाठ

आपला मजकूर तीन आठवड्यांपूर्वी वाचायला मिळाला असता तर! एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने पूर ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी एक डिस्क गच्चीवर दिवसभर उन्हात ठेवली आणि संध्याकाळी लॅपटॉपला जोडली. ती खट् खट् असा आवाज करत राहिली आणि त्याने, आता लागेल मग लागेल या आशेने, ती अर्धा तास तशीच चालू ठेवली. दुसरी डिस्क जशी सापडली तशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आहे.

चकतीवैद्य

तो आवाज म्हणजे डोके आपली जागा शोधत आहे, ती सापडत नाही आणि ते पुन्हा मूळ ठिकाणी परतते आहे. अर्धा तास म्हणजे ७,२०० फेऱ्यांच्या हिशेबाने दोन लाखांहून अधिक फेरे झाले. पहिल्या डिस्कबद्दल मी आश्वासन देणार नाही. दुसरी उद्याच घेऊन या. तपासणीनंतर खर्च सांगेन, आणि तो नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो हे कार्यकारिणीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे मागाहून वाद नको. त्या मुलाला रागावू नका. नव्वद टक्के लोक हेच करतात; मी दुकानाबाहेर पाटीही लावली आहे, पण पाटी वाचण्याआधीच प्रयोग करून झालेला असतो.

मांडवीचा_व्यापारी

आमच्या सोसायटीत त्या दिवसांत मगर फिरत होती, तेव्हा डिस्कचा विचार कोणाच्याही मनात आला नाही, हे आधी नमूद करतो.

मुद्द्याचे बोलायचे तर हार्ड डिस्कमध्ये फिरणारे भाग आहेत आणि त्यामुळे ती बिघडते, हे आपणच सांगितले. मग ज्यात काहीच फिरत नाही ती एसएसडी घ्यावी, हा मंडळाचा ठराव योग्यच नाही का? माझ्या दुकानातला हिशेबाचा संगणक एसएसडी बसवल्यापासून पंधरा सेकंदांत सुरू होतो. पूर्वी चहा पिऊन व्हायचा तरी तो तयार नसायचा.

छायाप्रकाश

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, त्यामुळे कार्ड, एसएसडी आणि हार्ड डिस्क या तिन्हींशी रोजचा संबंध येतो. वेगाबाबत व्यापारीसाहेबांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो मजकूर डोक्याखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद नुसती वाट पाहण्यात जातात आणि डोके हलवण्याचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो. एसएसडीत हलायचे काही नसल्याने तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. सलग वाचनात साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते, आणि मदरबोर्डवर चपटी बसणारी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या पाचसहा पट किंवा त्याहूनही पुढे जाते. संपादन करताना मी तिच्याशिवाय काम करूच शकत नाही.

पण हंगाम संपला की माझे सगळे काम हार्ड डिस्कवर जाते, आणि तेही दोन निरनिराळ्या डिस्कवर. एसएसडीवर काम करायचे असते, तिथे मुक्काम करायचा नसतो.

कार्डांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. एसडी कार्डावर एसडीएचसी लिहिले असेल तर त्याची कमाल क्षमता ३२ गिगाबाइट, आणि एसडीएक्ससी असेल तर २ टेराबाइटपर्यंत. फार स्वस्तात फार मोठा पेन ड्राइव्ह किंवा कार्ड मिळत असेल तर तो बहुधा खोटा असतो. त्यातल्या चिपला मोठी क्षमता सांगायला शिकवलेले असते, खरी जागा भरली की पुढची छायाचित्रे जुन्यांवर उमटतात किंवा हवेत जातात, आणि यादीत मात्र सगळी नावे दिसत राहतात. घेतल्याबरोबर ते काठोकाठ भरून, सगळे परत वाचून पाहावे. एक टेराबाइटच्या डिस्कवर विंडोज ९३१ गिगाबाइट दाखवते, ती मात्र फसवणूक नव्हे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत.

खडूफळा

आता विस्मरणाबद्दल.

फ्लॅश स्मृतीचे जनक फुजिओ मासुओका. तोशिबा कंपनीत असताना त्यांनी १९८४ मध्ये ती प्रथम मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार आला. आजचे पेन ड्राइव्ह, कार्डे आणि एसएसडी याच प्रकारावर उभ्या आहेत. यातल्या प्रत्येक पेशीत चहूबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे, ते किती आहेत यावरून शून्य की एक ते वाचायचे, आणि वीज काढून घेतली तरी ते कोंडलेलेच राहतात. तत्त्व इतकेच आहे.

पण प्रत्येक वेळी लिहिताना आणि पुसताना ते इलेक्ट्रॉन त्या रोधक थरातूनच ढकलले जातात आणि थर हळूहळू झिजतो. त्यामुळे प्रत्येक पेशीला लेखनाची मर्यादा असते, आणि एसएसडीतला नियंत्रक सगळ्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून मजकूर सतत इकडून तिकडे हलवत असतो. दुसरी गोष्ट काटकसरीची. सुरुवातीला एका पेशीत एकच बिट, म्हणजे एकच शून्य किंवा एक, ठेवत असत, त्यामुळे भरलेला आणि रिकामा एवढाच भेद ओळखायचा असे. पुढे स्वस्ताईसाठी एका पेशीत दोन, मग तीन आणि आता चार बिट ठेवतात. तीन बिटांसाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात आणि चार बिटांसाठी सोळा. पाण्याच्या एकाच पेल्यावर सोळा रेघा मारल्या आणि पेल्याला किंचित गळती असेल तर किती दिवसांत वाचन चुकेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

संगणकात बसवलेल्या, रोज वीज मिळणाऱ्या एसएसडीत नियंत्रक चूक दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या आधारे बिघडू लागलेला मजकूर पुन्हा ताजा करू शकतो. कपाटात, कुलपात, विजेविना ठेवलेल्या एसएसडीची काळजी घेणारे कोणी नसते. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या निकषानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने, तिचे लेखनाचे आयुष्य पुरते संपलेले असताना, ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष मजकूर राखला पाहिजे. तापमान वाढले की ही मुदत झपाट्याने घटते, आणि मे महिन्यातले बडोद्याचे लोखंडी कपाट काय तापते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मांडवीचा_व्यापारी

माझ्याजवळ २०११ सालचा एक पेन ड्राइव्ह आहे. तो तीन वर्षे खणात पडून होता आणि परवा लावला तर सगळ्या फाइली जशाच्या तशा निघाल्या. एक वर्षाचा हिशेब मग कसा लावायचा?

खडूफळा

उत्तम प्रश्न. मी दिलेला आकडा वापरून पुरत्या झिजलेल्या साधनासाठीचा किमान निकष आहे; नव्याकोऱ्या, थोडेच लेखन झालेल्या साधनात मजकूर कितीतरी अधिक काळ टिकतो. शिवाय तुमच्या त्या पेन ड्राइव्हमध्ये पेशी मोठ्या आणि दरेक पेशीत बिट थोडे असण्याची शक्यता आहे, त्यामुळे तो आजच्या अनेक स्वस्त साधनांपेक्षा चिवट निघाला. मंडळाची एसएसडी एकदाच भरून ठेवली तर दुसऱ्या वर्षी ती कोरी निघेल असे मी म्हणत नाही. माझी हरकत अशी आहे की तिथे ठेवलेली गोष्ट कधी विसरली जाईल याची कसलीही पूर्वसूचना मिळत नाही. हार्ड डिस्क निदान आवाज तरी करते.

चकतीवैद्य

याला दुकानदाराच्या अनुभवाची पुस्ती जोडतो. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून बहुतेक वेळा काही ना काही हाती लागते. एसएसडीचा नियंत्रक गेला की बहुधा एकतर सगळे मिळते किंवा काहीच मिळत नाही, कारण मजकूर कुठे ठेवला आहे याचा नकाशा त्याच्याचपाशी असतो आणि अनेक एसएसडीत मजकूर सांकेतिक रूपातही असतो. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून परत आणणे सोपे असते. एसएसडीत मात्र ट्रिम नावाच्या सूचनेमुळे मोकळी झालेली जागा थोड्याच वेळात खरोखर पुसली जाते.

रावपुरा_रेडिओ

दीडशे तबकड्यांपैकी निम्म्यातरी मीच जाळलेल्या आहेत, तेव्हा त्यांची जबाबदारी माझी. ‘जाळणे’ हा शब्द अगदी अचूक आहे. कारखान्यात छापलेल्या सीडीवर प्रत्यक्ष खळगे असतात, पण आपण घरी लिहितो त्या सीडी-आरमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग पाडतो. त्या रंगाला ऊन सोसत नाही. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५० आणि ब्लू-रेची ४०५. तरंग जितका लहान तितकी खूण बारीक, म्हणून सारख्याच १२ सेंटिमीटरच्या तबकडीवर अनुक्रमे सुमारे ७०० मेगाबाइट, ४.७ गिगाबाइट आणि २५ गिगाबाइट मावतात. दुहेरी थराच्या वेगळ्या.

बुडालेल्या सीडींबद्दल घाबरून जाऊ नये. तबकडीला पाण्याचे फारसे भय नसते. स्वच्छ पाण्याने धुऊन, मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोलाकार घासू नये. गोल ओरखडा मजकुराच्या ओळीलाच लांबवर खाऊन टाकतो आणि आडव्या ओरखड्याचे नुकसान चूक दुरुस्त करणारे संकेत भरून काढतात. खरे भय नाव लिहिलेल्या बाजूला आहे. सीडीचा परावर्तक थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे चिकटवलेला कागद ओढून काढला तर त्याच्याबरोबर नाटकाचा दुसरा अंकही निघून येतो. डीव्हीडीत तो थर दोन तबकड्यांच्या मधोमध असल्याने या बाबतीत ती अधिक सुरक्षित आहे. आपल्या सीडींवर मीच हौसेने गणपतीची चित्रे छापलेले कागद चिकटवले होते. ते कोणीही काढू नयेत, ओले असतील तर मुळीच नाही.

सूरसागरकाठ

सूचना मिळाली. आज तेवीस तबकड्या धुतल्या, त्यांपैकी एकोणीस वाचता आल्या. जुन्या संगणकातल्या ड्राइव्हवर ज्या दोन अडल्या त्या दुसऱ्या संगणकावर सुरळीत उघडल्या, हे मला नवीनच होते.

रात्रपाळी

मी एका मोठ्या संस्थेच्या डेटा सेंटरमध्ये काम करतो आणि ज्या साधनाला सगळे मृत समजतात त्या टेपवर माझा चरितार्थ चालतो. घरातल्या जुन्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीत शेवटचे ग्रह पाहायचे असतील तर आधीची सगळी गुंडाळी उलगडावी लागते. टेपचे तसेच आहे. हवा तो मजकूर येईपर्यंत एखादा मिनिट सहज जातो, पण एकदा तो आला की वाचनाचा वेग हार्ड डिस्कला मागे टाकतो. एलटीओ या मानकाची पहिली पिढी २००० साली आली तेव्हा काडतुसात १०० गिगाबाइट मावत होते. २०२१ च्या नवव्या पिढीत, संकोचन न करता, १८ टेराबाइट मावतात. पट्टी जेमतेम अर्धा इंच रुंद आणि एक किलोमीटरहून थोडी अधिक लांब असते.

तिचा मोठा गुण असा की ड्राइव्हमधून काढून फळीवर ठेवलेल्या टेपला ना वीज लागते, ना तिच्यापर्यंत संगणकातला विषाणू पोहोचतो. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे काही जीमेल खात्यांतला पत्रव्यवहार नाहीसा झाला होता, तेव्हा गूगलने तो टेपवरूनच परत आणला, कारण ती चूक इतर अनेक प्रतींपर्यंत पोहोचली होती आणि फळीवरच्या टेपपर्यंत पोहोचू शकली नव्हती. मंडळाने मात्र टेपच्या वाटेला जाऊ नये. काडतूस परवडते, पण ड्राइव्हची किंमत ऐकून कार्यकारिणीचा पुढचा ठराव तुमच्या राजीनाम्याचा येईल.

खडूफळा

राहता राहिल्या फ्लॉप्या. आठ इंची फ्लॉपी आयबीएमने १९७१ मध्ये आणली, सव्वापाच इंची १९७६ मध्ये आली आणि साडेतीन इंची, कडक कवचाची, सोनीने १९८१ मध्ये आणली. नावावरून आकार ठरत असला तरी क्षमता ठरत नाही: तुमच्या सव्वापाच इंची फ्लॉप्या ३६० किलोबाइटच्या असतील किंवा १.२ मेगाबाइटच्या. लिहिण्यापासून रक्षण करण्याची त्यांची रीत एकमेकींच्या उलट असते, हे आजच्या मुलांना सांगितले की खरे वाटत नाही. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली की ती सुरक्षित होते आणि साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवली की सुरक्षित होते. वाचायला घेण्याआधी ही काळजी जरूर घ्या.

साडेतीन इंचीसाठी यूएसबीने जोडायचे ड्राइव्ह अजून मिळतात. सव्वापाच इंचीसाठी मूळ ड्राइव्ह आणि मधला खास बोर्ड लागतो. चकतीवर पांढुरकी बुरशी दिसत असेल तर ती आधी साफ करावी, नाहीतर एक फ्लॉपी ड्राइव्हचे डोके घाण करते आणि ते डोके पुढच्या दहा फ्लॉप्या खराब करते. आणखी एक अडचण साधनाच्या पलीकडची आहे. त्या काळातला मराठी मजकूर युनिकोड ही सर्व लिप्यांची सामायिक संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये असेल, तर फाइल सुखरूप निघूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतील आणि फाँटचे रूपांतर करावे लागेल. त्या दिसल्या म्हणून फाइल बिघडली असे समजून पुसू नका.

सूरसागरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. या धाग्याची छापील प्रत कार्यकारिणीसमोर ठेवली आणि एसएसडीचा ठराव मागे घेण्यात आला, म्हणजे एसएसडी येणारच आहे, पण कार्यालयाच्या रोजच्या संगणकात. दप्तरासाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क घेतल्या जातील, कारण एकाच खेपेतल्या दोन डिस्क एकाच सुमारास आजारी पडू शकतात असे चकतीवैद्य यांनी दूरध्वनीवर सांगितले. एक डिस्क दांडिया बाजारात एका सभासदांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी राहील आणि दुसरी पुण्याला, आमच्या खजिनदारांच्या कन्येकडे. तिसरी प्रत क्लाउडवर राहील. दर पाडव्याला दोन्ही डिस्क जोडून प्रत्येक फाइलची बेरीज-खूण, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा चेकसम नावाचा आकडा, जुळवून पाहायची आणि पाचसहा वर्षांनी डिस्क बदलायच्या, असे इतिवृत्तात नोंदवले आहे.

दुसऱ्या हार्ड डिस्कमधला बहुतेक मजकूर निघाला. पहिली गेली, तिच्यात २०१७ ते २०१९ ची छायाचित्रे होती. कोणाकडे त्या वर्षांच्या कार्यक्रमांचे फोटो फोनमध्ये राहिले असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे, पण व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत, तिथे चित्राचा तपशील कमी होतो.

सव्वापाच इंची ड्राइव्ह अजून मिळालेला नाही.

चकतीवैद्य

माझ्या माळ्यावर १.२ मेगाबाइटचा एक ड्राइव्ह आहे, त्यावर ३६० किलोबाइटच्या फ्लॉप्याही वाचता येतात. त्याचा पट्टा सैल झाला आहे की काय ते पाहावे लागेल. दसऱ्याच्या शस्त्रपूजेसाठी तो खाली उतरवणारच आहे. त्यानंतरच्या रविवारी फ्लॉप्या घेऊन या, आणि मधल्या खाचेवर चिकटपट्टी लावूनच आणा.

खडूफळा

मधल्या नव्हे, कडेच्या खाचेवर. मधली फट डोक्याला चकती वाचता यावी म्हणून असते. तिथे पट्टी लावली तर शस्त्रपूजेनंतर पहिला बळी त्या फ्लॉपीचाच जाईल. रविवारी मीही येतो.